जामीनदाराच्या रकान्यातली सही

आमच्या तालुक्यात गेल्या पंचवीस वर्षांत ज्यांनी घर बांधलं, होडीला नवं इंजिन बसवलं, मुलीचं लग्न काढलं किंवा नुसती दुचाकी घेतली, त्यांतल्या निम्म्या लोकांच्या कर्जाच्या कागदांवर आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांची सही आहे, असं मी म्हटलं तर त्यात थोडी अतिशयोक्ती होईल. पण ती नेमकी किती, हे सांगायला मला बँकांची कपाटं उघडावी लागतील. कर्जाला जामीनदार लागतो, आणि जामीनदार म्हटलं की लोकांचे पाय आपोआप सरांच्या घराकडे वळतात. वळणारच. बाकी कोणाकडे गेलं की आधी चहा येतो, मग पावसापाण्याच्या गोष्टी निघतात, मग 'हिला विचारून सांगतो' येतं आणि शेवटी काहीच येत नाही. सरांकडे क्रम उलटा असतो. आधी सही, मग चहा. समोरच्याने पिशवीतून कागद अर्धाच बाहेर काढलेला असतो, तोवर सरांनी खिशातल्या पेनाचं टोपण उघडलेलं असतं, आणि त्यांचा प्रश्न एकच असतो, "कुठे करू?" रक्कम किती, मुदत किती, माणूस कसा, हे ते विचारत नाहीत. मी एकदा म्हटलं, "सर, निदान वाचून तरी सही करत जा." तर म्हणाले, "अहो ग्रंथपाल, वाचलं की शंका येते. शंका आली की हात थरथरतो. आणि थरथरत्या हाताने सही करायला मी काय म्हातारा झालोय?" मी त्यांच्याच शाळेत ग्रंथपाल आहे, आणि जन्मभर वाचत आल्यामुळे शंकांविषयीचा माझा अनुभव त्यांच्या म्हणण्याला पुष्टीच देतो.

सही तरी कसली, ते एक लहानसं निसर्गचित्रच असतं. नावाचं पहिलं अक्षर माडासारखं उभं राहतं आणि त्याला वर चार झावळ्या फुटतात. मधली अक्षरं किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्यांसारखी ओळीने पडलेली असतात. आणि आडनाव सरळ समुद्रात जातं, म्हणजे शेवटी नुसत्या लाटा. एकदा तालुक्याच्या बँकेतल्या कारकुनाने ती सही परत पाठवली. नमुन्याच्या सहीत तीन लाटा आहेत आणि इथे पाच आहेत, अशी त्याची हरकत होती. सर स्वतः गेले. दोन्ही सह्या शेजारीशेजारी ठेवून त्यांनी बराच वेळ पाहिल्या आणि गंभीरपणे म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. परवा उधाण होतं." कारकून आमच्याच किनाऱ्यावरचा होता म्हणून निभावलं.

हात लांब करायचा, मुठीत पेन्सिल उभी धरायची, एक डोळा मिटायचा आणि अंगठ्याचं नख पेन्सिलीवर सरकवत समोरच्या वस्तूचं माप घ्यायचं, हे चित्रकलेच्या तासाला सगळेच शिकतात. पण तास संपला की ते थांबवायचं असतं, हे सरांना कोणी सांगितलेलं नाही. ते देवळाच्या कळसाचं माप घेतात, मुख्याध्यापकांच्या नाकाचं घेतात, पंगतीत बसले तर समोरच्या पानावरच्या भाताच्या मुदीचंही घेतात. बाजारात एका कोळणीच्या पाटीपुढे उभं राहून त्यांनी सुरमईचं माप घ्यायला डोळा मिटला, तेव्हा ती सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काय ओ सर, डोळा कोनाला मारताय? सुरमई हाय ती, बायको न्हाय तुमची!" वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, शेजारीच उभ्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "मारू दे गो. भाव जरा कमी कर म्हणजे झालं."

आणि कागद. कोऱ्या कागदाची सरांना भीती वाटते. "दोन्हीकडून कोरा म्हणजे अगदी अनोळखी माणूस. एका बाजूला काहीतरी लिहिलेलं असलं की जरा ओळख असते," असं ते म्हणतात. त्यामुळे लग्नपत्रिका, विजेची बिलं, उरलेल्या प्रश्नपत्रिका, निवडणुकीतली पत्रकं, जे हाताला लागेल त्याच्या पाठीवर त्यांची चित्रं असतात. एकदा त्यांनी आठवीच्या सगळ्या वर्गाला चित्रकलेत शंभरपैकी शंभर गुण दिले म्हणून मुख्याध्यापकांनी त्यांना लेखी मेमो दिला. खुलासा मागायला बोलावलं आणि साहेब फोनवर बोलत बसले. तेवढ्या वेळात सरांनी मेमोच्या पाठीवर फोनवर बोलणारे साहेब काढले. ते चित्र साहेबांना इतकं आवडलं की त्यांनी ते चौकटीत घालून खुर्चीमागे टांगलं. मेमो फायलीला लागायचा राहिला तो राहिलाच. आजही तो तिथे भिंतीकडे तोंड करून उभा आहे.

त्या सहीचं ऋण माझ्यावरही आहे. माझी पत्नी आजारी पडली आणि मुंबईच्या फेऱ्या सुरू झाल्या तेव्हा मी बँकेतून कर्ज काढलं. जामीनदाराच्या रकान्यात सरांनी सही केली ती एसटी स्टँडच्या बाकावर बसून, कारण आमच्या गाडीची वेळ झाली होती. ही खिडकीत बसली होती. सरांनी खालून हात हलवला आणि सवयीने डोळा मिटून तिचं माप घेतलं. ती हसली आणि म्हणाली, "बघा, तुमच्या मित्राला प्रवासाला निघालेल्या बाईचीही दया नाही." पुढचे सात महिने मी बिनपगारी रजेवर मुंबईत होतो. परत आलो तो एकटाच. तेराव्याला सर आले ते बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक चौकट घेऊन. भिंतीवर खिळा कुठे आहे ते पाहिलं आणि चौकट टांगून निघून गेले. पेन्सिलीने काढलेलं हिचं चित्र होतं. त्यांच्या वाडीत पाण्याच्या पाटाच्या कडेला बसलेली, हातात सुतळीचं टोक, आणि गुडघ्याशी सुपारीचं एक एवढंसं रोप. तुंबलेले हप्ते मी पुढे हळूहळू भरत गेलो, आणि गेल्या वर्षी शेवटचा हप्ता गेला तेव्हा ग्रंथालयात येऊन बसलेल्या सरांना सांगितलं, "फिटलं." त्यांनी माझंही माप घेतलं आणि म्हणाले, "दोन बोटं वाकलात तुम्ही."

त्या चित्रातल्या रोपाची हकीकत अशी. दिवेआगरहून आमच्या गावाकडे येताना समुद्राच्या बाजूला सरांचं घर लागतं. 'सरांचं' असं सगळे म्हणतात, पण बावीस वर्षं ते तिथे भाड्यानेच राहत होते. मोठं वादळ आलं तेव्हा त्या घराचे पत्रे उडून शेजारच्या विहिरीत पडले आणि मागच्या वाडीतली पिकती झाडं काडेपेटीतल्या काड्यांसारखी मोडली. मालकाने त्या वाडीचा विचारच सोडून दिला. वहिनींनी सोडला नाही. पुढच्याच महिन्यात त्यांनी रोठा जातीच्या सुपारीची तेरा रोपं आणली, रोपांना सावली हवी म्हणून मध्ये केळी लावल्या, आणि झाडं रांगेत यावीत म्हणून सुतळी ताणली. सुतळीचं दुसरं टोक धरायला ही गेली होती. तेव्हा ती चांगली धडधाकट होती. बारा रोपं वहिनींनी लावली. तेरावं हिने हट्टाने स्वतः लावलं, आणि ते सुतळीच्या हातभर बाहेर लागलं. वहिनी ते उपटून नीट लावायला निघाल्या तर सर मध्ये पडले, "राहू दे. एक तरी रेघ चुकलेली असली म्हणजे चित्र हाताने काढलंय हे कळतं." सुपारीला फळ धरायला पाच-सहा वर्षं लागतात. दर उन्हाळ्यात वहिनी भाड्याच्या जमिनीतल्या त्या झाडांना घागरींनी पाणी घालत होत्या, आणि यंदा पहिल्या दोन झाडांना पोय फुटली, म्हणजे फुलोऱ्याचा तुरा बाहेर आला. त्याच आठवड्यात मालकाचा मुलगा पनवेलहून आला.

मुलगा वाईट नव्हता. वडील गेले होते आणि भावंडांत वाटणी व्हायची होती. तो ओट्यावर बसून म्हणाला, "सर, पुण्याची एक पार्टी आहे. त्यांना इथे होमस्टे करायचाय. मागची झाडं काढून तिथे स्विमिंग पूल बांधणार म्हणतात." समुद्र पाच मिनिटांवर असताना माणूस पोहायला खड्डा का खणतो, हे सरांना समजेना, आणि त्यांनी तसं विचारलंही. "कुठला खड्डा? झाडांच्या जागी?" वहिनींनी आतून विचारलं. मुलगा खाली बघत म्हणाला, "काकी, तुम्ही घेत असाल तर तुम्हालाच आधी. भाव तोच धरू. पण मे अखेरपर्यंत बँकेचं मंजुरीपत्र दाखवा. त्यापुढे मला भावंडं थांबू देणार नाहीत." सरांजवळ थोडी साठवण होती, नोकरीची काही वर्षं शिल्लक होती, घराचे कागद स्वच्छ होते. ज्याच्या सहीवर अर्ध्या तालुक्याला कर्ज मिळालं त्याला स्वतःला ते मिळणार नाही, ही शंका कोणाच्या मनातही आली नाही. सरांना शंका येत नाहीतच. पण मलाही आली नाही.

कागद वाचायला म्हणून ते मला बँकेत घेऊन गेले. मॅनेजर मॅडम नागपूरकडच्या, वयाने लहान, नुकत्याच बदलून आलेल्या. त्यांनी संगणकावर काहीतरी पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि म्हणाल्या, "सर, तुमचा क्रेडिट स्कोअर सहाशे अठरा येतोय."

"किती पैकी?"

"नऊशे."

"अरे वा!" सर माझ्याकडे वळले. "म्हणजे पहिल्या वर्गाच्या वर!"

"आम्हाला घरकर्जाला निदान सातशे तरी लागतात, सर. आणि तुमचं स्वतःचं एकही कर्ज नाही. हे सगळं तुम्ही ज्यांना जामीन राहिलात त्यांच्यामुळे झालंय. जामीन राहिलेलं कर्जही तुमच्या नावावर दिसतं, आणि त्याने हप्ते चुकवले की डाग तुमच्यावर पडतो."

सर विचारात पडले. "म्हणजे दुसऱ्याच्या मुलाचे मार्क माझ्या प्रगतिपुस्तकात?"

"पालक म्हणून सही तुम्हीच केलीत ना, सर," मॅडम म्हणाल्या. मला ती मुलगी आवडली. "सात जणांना जामीन आहात. सहा जण व्यवस्थित आहेत. एक खातं मात्र अजून थकीत दाखवतंय. आमच्याच शाखेतलं आहे. थांबा, नाव काढून देते."

त्यांनी पडदा आमच्याकडे वळवायला हात घातला तोच सरांनी टेबलावरून वाकून पंजा मध्ये धरला. "नको. नाव नको सांगू बाई." एरवी ते सगळ्यांना अहो-जाहो करतात, घाबरले की अरे-तुरेवर येतात. "ते सातही जण उद्या सकाळी मला स्टाफरूममध्ये भेटणार आहेत. नाव कळलं की त्याच्याकडे बघताना माझा डोळा बदलेल. माझा डोळा बदलून चालत नाही, मी चित्रकलेचा मास्तर आहे."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. माझं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. मी विचारी माणसासारखी मान हलवली. सरांनी तो स्कोअरचा छापील अहवाल मागून घेतला, न वाचताच उलटा केला, आणि बाहेरच्या बाकावर बसून त्याच्या पाठीवर मॅडमचा चष्मा काढला.

नाव नको म्हणणं सरांना शोभत होतं; मला शोध लागल्याशिवाय चैन पडेना, आणि माझा संशय पक्का होता. आमचे खेळाचे शिक्षक उरणकडचे. चहाचे दहा रुपये रोज कोणाकडून तरी मागणार, पगाराच्या दिवशी सगळ्यांच्या टेबलावर चिल्लर ठेवत फिरणार. सरांच्या सहीवर त्यांनी गाडी घेतलेली होती. एका मधल्या सुट्टीत ते माझ्याकडे चहाला आले तेव्हा मी पुस्तकातून मान वर न करता म्हणालो, "काही लोकांना दुसऱ्याच्या सहीची किंमत कळत नाही." त्यांनी तोंडाशी नेलेला कप खाली आणला. मग म्हणाले, "मला बोलताय काय? बोला ना सरळ. पुस्तकाला कशाला सांगताय?" मी सरळ काही बोललो नाही. सरळ बोलण्याची मला सवय नाही. ते कप तसाच ठेवून मैदानावर गेले आणि नंतर कितीतरी वेळ त्यांची शिट्टी उगाचच वाजत राहिली.

मे महिना अर्धा सरला. वहिनींनी सुपाऱ्यांना पाणी घालणं थांबवलं नव्हतं, पण आता त्या झाडांशी बोलत नव्हत्या. सर शाळेला सुट्टी असूनही रोज ग्रंथालयात येऊन बसत. एकदा म्हणाले, "ग्रंथपाल, झाड उपटून दुसरीकडे लावलं तर जगतं का हो? पाच वर्षांचं?" मी पुस्तकात पाहून सांगतो म्हणालो. पुस्तकात पाहिलं. सांगितलं नाही.

पाऊस येण्याआधी मी दरवर्षी घरची पुस्तकं अंगणात उन्हाला घालतो. आमच्याकडच्या दमट हवेत तसं न केलं तर श्रावणापर्यंत पुस्तकांना पिठासारखी बुरशी धरते. त्या दिवशी हिच्या चौकटीकडे लक्ष गेलं. काचेच्या आत, तिच्या खांद्यापाशी, दोन करडे ठिपके आले होते. चौकट खाली काढली, मागचे चार खिळे उपसले, प्लायवूड उचललं. चित्राची पाठ वर होती. त्यावर टंकलेला मजकूर होता. बँकेचं नाव, तारीख, आणि खाली: आपण जामीनदार असलेल्या खालील कर्जखात्याचे हप्ते थकले असून आपण कर्जदारास तातडीने सूचना द्यावी. आणि कर्जदार म्हणून माझं नाव.

तारीख हिच्या शेवटच्या महिन्यातली होती.

मी उन्हात किती वेळ बसलो ते आठवत नाही. मग एक गोष्ट आठवली आणि उठून शब्दकोशाचा मोठा खंड उघडला. इस्पितळाची बिलं नावाच्या जागी चकचकीत खिडकी असलेल्या पाकिटांतून यायची. ही गेल्यावर तशी पाकिटं उघडायचं मी बंद केलं होतं. टाकवत नव्हती म्हणून शब्दकोशात ठेवत गेलो होतो. नऊ निघाली. सगळी बँकेची. हप्ते फिटले होते, पण उशिराच्या दंडाचे अकराशे चाळीस रुपये राहिले होते, आणि ते भरले नाहीत म्हणून खातं बंद झालेलं नव्हतं. ज्या माणसाला मी वाचून सही करा म्हणून सांगत होतो त्याचं घर, आणि हिने लावलेलं झाड, मी न वाचलेल्या नऊ पाकिटांवर अडलेलं होतं.

तसाच सरांकडे गेलो. ते ओट्यावर पेन्सिलीला टोक करत होते. मी कागद पुढे केला, नोटिशीची बाजू वर करून. त्यांनी तो हातात घेतला, उलटा केला, चित्र पाहिलं आणि म्हणाले, "ओल लागली का? मी म्हटलं होतं काच जरा उचलून बसवा म्हणून."

"सर, ते खातं माझं आहे. मॅडम म्हणाल्या ते."

त्यांनी टोक करणं थांबवलं नाही. "तरी मी सांगत होतो, नाव नको."

"ही नोटीस आली तेव्हा मला दाखवली का नाहीत?"

"तेव्हा तुम्ही मुंबईत होतात. परत आलात ते पुस्तक उलटं धरून बसत होतात," ते म्हणाले. "एकदा नाही, तीनदा पाहिलं मी. तुम्हाला काय वाचायला देणार? बँकेत जाऊन साहेबाला सांगितलं, त्यांचा पगार सुरू होऊ दे. तो जरा ओरडला. ओरडू दे म्हटलं."

"पण नोटिशीवर चित्र?"

"कागद चांगला होता हो," सर पहिल्यांदाच जरा ओशाळले. "जाड. बँकेचा कागद पेन्सिल छान धरतो. ताईंचे केस दुसऱ्या कशावर आलेच नसते तसे."

वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं आता त्या बोलतील, आणि त्यांना तो अधिकार होता. त्या म्हणाल्या, "भावजी, जेवलाय की न्हाय?"

दुसऱ्या दिवशी बँक उघडायच्या आधीच मी पायरीवर उभा होतो. अकराशे चाळीस रुपये भरले, खातं बंद झाल्याचा दाखला घेतला. मॅडम म्हणाल्या, "हा दाखला जोडून मी प्रकरण लगेच वर पाठवते. स्कोअर सुधारून दिसायला महिनाभर लागेल. तोवर चांगल्या स्कोअरचा एक जामीनदार द्या, म्हणजे मंजुरीपत्र मे महिन्यात मिळेल."

"मी आहे," मी म्हणालो. माझ्या आयुष्यात एवढं ठाम वाक्य मी क्वचित बोललो असेन. मॅडमनी माझा स्कोअर काढला आणि पडद्याकडेच बघत राहिल्या. "पाचशे एकाहत्तर," त्या हलकेच म्हणाल्या.

"माझ्यापेक्षा कमी?" सरांना खरोखर धक्का बसला. "इतकी वर्षं वाचून?"

शेवटी मी खेळाच्या शिक्षकांकडे गेलो. मैदानावर ते एकटेच उन्हाळी शिबिरासाठी खो-खोच्या पाट्या आखत होते. मी सगळं सांगितलं, अगदी सरळ. ते चुन्याच्या फक्कीने माखलेले हात झटकत म्हणाले, "माझा बाप ट्रक चालवायचा. हप्ता चुकला तेव्हा आमच्या दारातून ट्रक उचलून नेला. मी सहा वर्षांचा व्हतो. पगार झाला की आधी हप्ता जातो माझा, मग किराणा. चहाला उरत न्हाय ते त्याच्यामुळं." त्यांचा स्कोअर सातशे एक्क्याण्णव निघाला, आमच्या शाळेत तेवढा कोणाचाच नाही. बँकेत जाताना मी म्हटलं, "मी तुमच्यावर संशय घेतला." ते म्हणाले, "ठाव हाय. त्या दिवसापासून तुमचा चहा न्हाय पिलो. आता पाजा. आणि वडापावपण."

सह्यांच्या वेळी मॅडमनी फॉर्म पुढे सरकवला. सरांनी टोपण उघडलं, "कुठे करू?" म्हणाले, आणि उत्तर यायच्या आत जामीनदाराच्या रकान्यात माड, होड्या, लाटा सगळं काढून मोकळे झाले. मॅडमनी कपाळाला हात लावला. "सर, तिथे नाही! वर. आज कर्जदार तुम्ही आहात." नवा फॉर्म आला. सर त्या वरच्या रकान्याकडे अनोळखी गावात उतरल्यासारखे बघत राहिले. मग मी कधी पाहिलं नव्हतं ते पाहिलं. त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून फॉर्म वाचायला घेतला. सगळी पानं वाचली. सही करताना त्यांचा हात थरथरला.

मॅडम सही पाहून म्हणाल्या, "यात लाटाच नाहीत, सर."

"ओहोटी आहे," सर म्हणाले, आणि चुकलेला फॉर्म त्यांनी घडी न घालता पिशवीत ठेवला.

घर आता त्यांचं आहे. त्या चुकलेल्या फॉर्मच्या पाठीवर हंडा घेतलेल्या वहिनी आहेत आणि तो त्यांच्या ओटीवर टांगलेला आहे. सरांनी पुन्हा कोणाला जामीन राहायचं नाही असं वहिनींनी बजावलं आहे. ते "बरं" म्हणाले आहेत, आणि जूनमध्ये नव्याने लागलेले विज्ञानाचे शिक्षक परवा ग्रंथालयात काही कागद घेऊन त्यांची वाट बघत बसले होते. हिचं चित्र मी पुन्हा भिंतीवर लावलं. नोटीस मागे तशीच आहे. ती वेगळी करायची म्हटली तरी करता येणार नाही. पाकिटं मी आता आली की उघडतो. बहुतेकांत काही नसतं.

रविवारी मी वाडीत जातो. बारा झाडांपैकी नऊंना आता पोय फुटली आहे. तेराव्याला अजून पोय फुटलेली नाही. मागच्या खेपेला मी त्याच्यापाशी जरा जास्तच रेंगाळलो असेन, कारण वहिनी पाट मोकळा करता करता म्हणाल्या, "धरंल, भावजी. सगळ्यांच्या शेवटी लावलेलं ना ते." सर आमच्या मागे येऊन उभे राहिले. त्यांनी हात लांब केला, पेन्सिल उभी धरली, एक डोळा मिटला आणि त्या झाडाचं माप खालपासून वरपर्यंत सावकाश घेतलं.

"चित्रात त्यांच्या गुडघ्याशी होतं," ते म्हणाले. "आता ताईंना मान वर करून बघावं लागलं असतं."

मीही मान वर केली, आणि त्यांच्यासारखाच एक डोळा मिटून पाहत राहिलो. दोन्ही डोळ्यांनी ते झाड त्या वेळी मला नीट दिसत नव्हतं.